मार्च मॅडनेसचा इतिहास क्विझसाठी लक्षात कसा ठेवायचा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की कॉलेजच्या क्विझ टीममध्ये आहेस, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलवर म्हणजे एनसीएए (तिथल्या कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) भरवते त्या टुर्नामेंटवर, जिला मार्च मॅडनेस म्हणतात, एक अख्खा राउंड येणार आहे, तू १९३९पासूनच्या विजेत्यांची यादी पाठ करायला घेतलीस आणि साठच्या दशकात पोचेपर्यंत मागचं सगळं पुसलं जातंय, मग करायचं काय. मी बरीच वर्षं कॉलेजच्या टीमना कोचिंग केलंय आणि स्पोर्ट्स क्विझचे प्रश्नही काढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. यादी बाजूला ठेव. नुसतं "अमुक साली कोण जिंकलं" असा प्रश्न चांगला सेटर काढत नाही, कारण त्यात उत्तर येणं न येणं एवढंच असतं, विचार करून पोचायला वाव नसतो. प्रश्न निघतो तो "असं का झालं" यातून. आणि या स्पर्धेत जवळपास प्रत्येक गाजलेल्या किश्श्यामागे एखादा नियम असतो, नाहीतर फॉरमॅटमधला बदल असतो, नाहीतर त्या काळातली एखादी अडचण असते. ती एकदा समजली की साल आणि स्कोअर तिच्याबरोबर येतात, वेगळे घोकावे लागत नाहीत.

आधी सांगाडा पक्का कर. पुरुषांच्या स्पर्धेत २०११पासून ६८ टीम असतात. प्रत्येक कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विजेत्याला थेट प्रवेश, उरलेल्या जागा कमिटी भरते आणि हे सगळं मार्चमधल्या एका रविवारी जाहीर होतं, त्याला सिलेक्शन संडे म्हणतात. चार रीजन म्हणजे विभाग, प्रत्येकात १ ते १६ सीड म्हणजे मानांकन, १ सगळ्यात वरचं, १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५ असं करत ८ विरुद्ध ९. म्हणजे पहिल्या राउंडच्या कुठल्याही मॅचमध्ये दोन्ही सीडची बेरीज १७ येते, ही एक गोष्ट लक्षात ठेवलीस तर अर्धे सीडचे प्रश्न तिथेच सुटतात. ६८ मधल्या आठ टीम आधी चार मॅच खेळतात, त्या फर्स्ट फोर, ओहायोतल्या डेटन शहरात. पुढे सोळा उरले की स्वीट सिक्स्टीन, आठ उरले की एलिट एट, मग फायनल फोर. सगळी बाद फेरी, एक मॅच हरलात की घरी, आणि सगळी मजा याच्यातच आहे, कारण सात मॅचच्या सिरीजमध्ये मोठी टीम एखादा वाईट दिवस भरून काढते, इथे तो दिवस भरून काढता येत नाही.

आता सुरुवात. १९३९ला आठ टीम होत्या, फायनल इलिनॉयमधल्या इव्हान्स्टनला झाली, ओरेगॉनने ओहायो स्टेटला ४६-३३ हरवलं. ओरेगॉनच्या त्या टीमला टॉल फर्स म्हणायचे, उंच फरची झाडं. ही स्पर्धा एनसीएएने नाही तर कोचेसच्या संघटनेने भरवली होती आणि पुढाकार घेतला तो ओहायो स्टेटच्याच हॅरल्ड ओल्सन या कोचने, म्हणजे ज्याने स्पर्धा उभी केली त्याचीच टीम पहिल्या फायनलला हरली. त्यात संघटनेला २५३१ डॉलरचा तोटा झाला आणि मग त्यांनी एनसीएएला सांगितलं की आता तुम्हीच चालवा. आज जी स्पर्धा टीव्हीच्या हक्कातून अब्जावधी डॉलर कमावते तिचं एनसीएएकडे जाणं तोट्यामुळे झालं, हा मला स्वतःला फार आवडणारा प्रश्न आहे. खेळाचा जन्मदाता जेम्स नेस्मिथ तेव्हा हयात होता, तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेला. आणि नेस्मिथबद्दल हमखास येणारा प्रश्न म्हणजे कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त असलेला एकमेव कोच कोण, तर ज्याने खेळ शोधला तोच, ५५ विजय आणि ६० पराभव.

तेव्हा खरी मानाची स्पर्धा होती एनआयटी, म्हणजे नॅशनल इन्व्हिटेशन टुर्नामेंट, १९३८ला सुरू झालेली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. पेपरवाले तिथे, प्रेक्षक तिथे, पैसा तिथे. टीमला दोन्ही स्पर्धा खेळता यायच्या, आणि एकाच वर्षी दोन्ही जिंकणारी इतिहासातली एकच टीम म्हणजे १९५०ची सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क, कोच नॅट होलमन, दोन्ही फायनलमध्ये समोर ब्रॅडली. पुढच्याच वर्षी पॉइंट शेव्हिंगचं प्रकरण फुटलं, म्हणजे बुकींकडून पैसे घेऊन मुद्दाम कमी फरकाने जिंकायचं किंवा हरायचं, त्यात या टीमचे खेळाडू पकडले गेले, आणि न्यूयॉर्कच्या कॉलेज बास्केटबॉलचं कंबरडंच मोडलं. एनसीएए वर आणि एनआयटी खाली जायला जी कारणं आहेत त्यातलं हे एक मोठं. तरी १९७०पर्यंत एनआयटीची ऐट थोडी शिल्लक होती, त्या वर्षी मार्केट युनिव्हर्सिटीच्या कोच अल मॅग्वायरला एनसीएएने दिलेलं रीजन पटलं नाही म्हणून त्याने आमंत्रण सरळ नाकारलं, एनआयटी खेळला आणि जिंकलाही. मग एनसीएएने नियमच केला की आमचं आमंत्रण आलं तर दुसरीकडे खेळता येणार नाही.

१९५७ची फायनल तुझ्या यादीत नुसती "नॉर्थ कॅरोलायना" म्हणून आली असेल. ५४-५३, तीन ओव्हरटाइम, आणि त्याच्या आदल्याच दिवशी सेमीफायनललाही त्यांनी मिशिगन स्टेटविरुद्ध तीन ओव्हरटाइम खेळले होते. समोर कॅन्सस, म्हणजे विल्ट चेंबरलेन. नॉर्थ कॅरोलायनाचा कोच फ्रँक मॅग्वायर याने सुरुवातीच्या जंप बॉलला, म्हणजे रेफरीने वर उडवलेल्या बॉलसाठी दोघांनी उडी मारतात तेव्हा, चेंबरलेनसमोर आपला सगळ्यात बुटका स्टार्टर टॉमी कर्न्स उभा केला. उंच माणूस पाठवला तरी जंप हरायचाच होता, मग निदान समोरच्याच्या डोक्यात तरी शिरा, हा हिशेब. कोच म्हणून सांगतो, असलं काही करायला छाती लागते. चेंबरलेन हरूनही मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर ठरला. इथे एक लक्षात घे, या स्पर्धेचं बक्षीस एमव्हीपी म्हणजे मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर नाही, मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर आहे, क्विझमध्ये याच्यावरून पॉइंट कापले जातात. हरलेल्या टीममधून ते मिळवणारा शेवटचा खेळाडू १९८३चा हकीम ओलाजुवॉन, त्याच्याकडे येतोच आहे.

आता थोडं थांब, कारण १९६३ आणि १९६६ ही दोन वर्षं नीट समजून घ्यायला हवीत, आणि दुर्दैवाने क्विझमध्ये यांचीच सगळ्यात जास्त सरमिसळ होते.

मिसिसिपी राज्यात तेव्हा अलिखित नियम होता की तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या गोऱ्या टीमने काळे खेळाडू असलेल्या टीमविरुद्ध खेळायचं नाही. मिसिसिपी स्टेट १९५९, १९६१ आणि १९६२ला आपल्या कॉन्फरन्समध्ये पहिली आली आणि तिन्ही वेळा एनसीएएला गेलीच नाही. १९६३ला परत पहिली आली, या वेळी युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांनी जायचं ठरवलं, तर विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. हुकूम हातात पडला तर संपलंच, म्हणून कोच बेब मॅकार्थी आधीच राज्याबाहेर निघून गेला आणि टीम दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने गुपचूप बाहेर पडली. मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला लोयोला शिकागोशी गाठ होती, लोयोलाच्या पहिल्या पाचात चार काळे खेळाडू. मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅप्टन, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड, मधोमध आले, हात मिळवले आणि चहूकडून फ्लॅश उडाले. तो फोटो शोध आणि बघ, दोन पोरं हात मिळवतायत एवढंच आहे त्यात, पण त्या हातमिळवणीसाठी एका टीमला स्वतःच्या राज्यातून चोरून निघावं लागलं होतं. लोयोला ६१-५१ जिंकली, पुढे फायनलला सिनसिनाटीला ओव्हरटाइममध्ये ६०-५८ हरवून चॅम्पियनही झाली. या मॅचला गेम ऑफ चेंज म्हणतात.

१९६६ वेगळं. टेक्सस वेस्टर्नचा कोच डॉन हॅस्किन्स याने फायनलला पाचही काळे स्टार्टर उतरवले, आणि मॅचभर खेळवलेले सातही खेळाडू काळेच होते. समोर अडॉल्फ रपची केंटकी, सगळे गोरे, त्यात पॅट रायली, जो पुढे एनबीएचा मोठा कोच झाला. ७२-६५. म्हणजे चार काळे स्टार्टर घेऊन चॅम्पियन, ते १९६३ला लोयोला, आणि फायनलला पाचही काळे स्टार्टर, ते १९६६ला टेक्सस वेस्टर्न, हे डोक्यात वेगळं ठेव. आता मॅचमधली एक गोष्ट सांगतो जी स्कोअरशीट बघितल्याशिवाय कळत नाही. बास्केट केंटकीने जास्त केल्या, २७, टेक्सस वेस्टर्नने २२. फरक पडला फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटवर, टेक्सस वेस्टर्न ३४ पैकी २८, केंटकी १३ पैकी ११. सुरुवातीलाच बॉबी जो हिलने लागोपाठ दोनदा केंटकीच्या गार्डच्या हातातून बॉल काढून घेतला आणि सरळ जाऊन टाकला, तिथून केंटकी घाईला आली आणि फाउल करत गेली. ते कॉलेज आज युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट एल पासो म्हणून ओळखलं जातं, आणि टेक्सस राज्यातून पुरुषांची पुढची चॅम्पियन टीम यायला २०२१ उजाडलं, बेलर.

मग यूसीएलए, म्हणजे लॉस अँजेलिसची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. कोच जॉन वुडन, १२ वर्षांत १० टायटल, १९६४ ते १९७५, त्यात १९६७ ते १९७३ सलग सात. हे सगळ्यांना येतं. तू त्याच्या मागचे नियम धर. १९७२पर्यंत फर्स्ट इयरच्या मुलांना मुख्य टीममधून खेळता येत नव्हतं, म्हणून लू अल्सिंडॉर, पुढचा करीम अब्दुल जब्बार, तीनच वर्षं खेळला, तिन्ही वर्षं टायटल, तिन्ही वर्षं मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर. फर्स्ट इयरला असताना त्याच्या ज्युनिअर टीमने यूसीएलएच्या मुख्य टीमला, जी तेव्हा देशात एक नंबर मानली जायची, ७५-६० हरवलं होतं. त्याच्या काळातच, १९६७ला, डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल हाताने थेट रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली आणि ती १९७६पर्यंत राहिली. म्हणजे १९७३च्या फायनलला बिल वॉल्टनने २२ पैकी २१ शॉट टाकले, ४४ पॉइंट केले, ते डंक न करता. हा आकडा बंदीसकट सांगितला की त्याचं खरं वजन कळतं. वुडनच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, पण आजच्या टायटलशी तुलना करताना हेही सांगायला हवं की तेव्हा टीम आपापल्या भागातल्या रीजनमध्येच खेळायच्या, यूसीएलए पश्चिमेतच राहायची, आणि १९६४ला चॅम्पियन व्हायला चार मॅच जिंकाव्या लागल्या, आज सहा लागतात. आणि यूसीएलएची एकूण टायटल ११ आहेत, १० नाही, अकरावं १९९५चं, वुडननंतरचं. इथे खूप जण घसरतात.

यूसीएलएची सलग ८८ विजयांची मालिका जानेवारी १९७४मध्ये नोत्र दामने तोडली, ७१-७०, शेवटचे १२ पॉइंट एकट्या नोत्र दामचे. आणि मालिका सुरू व्हायच्या आधीचा यूसीएलएचा शेवटचा पराभवही नोत्र दामकडूनच होता, असा दोन्ही टोकांना एकच प्रतिस्पर्धी असलेला प्रश्न सेटरला सोडवत नाही. त्याच वर्षी सेमीफायनलला नॉर्थ कॅरोलायना स्टेटने डबल ओव्हरटाइममध्ये ८०-७७ हरवून यूसीएलएची टायटलची रांगही संपवली.

त्या १९७४चं अजून एक महत्त्व आहे. एका कॉन्फरन्समधून एकच टीम जाणार असा तेव्हा नियम होता. एसीसीच्या, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, फायनलला नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला ओव्हरटाइममध्ये १०३-१०० हरवलं, जिंकलेली टीम पुढे देशाची चॅम्पियन झाली आणि मेरीलँड, जी कदाचित देशातली दुसरी तिसरी बेस्ट टीम होती, एनसीएएला गेलीच नाही. हा अन्याय इतका उघड होता की १९७५ला टीम ३२ केल्या आणि कॉन्फरन्सच्या चॅम्पियनशिवाय इतरांनाही दार उघडलं. मग १९७९ला ४०, १९८०ला ४८, १९८५ला ६४, २००१ला ६५, २०११ला ६८. वाढीचे हे मुख्य टप्पे मात्र पाठच कर, त्याला इलाज नाही.

कारण याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. १९८३ घे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट, कोच जिम वाल्वानो, कॉन्फरन्स टुर्नामेंट जिंकली म्हणून आत, एनसीएएच्या पहिल्याच मॅचला पेपरडाइनविरुद्ध डबल ओव्हरटाइमपर्यंत नाकी नऊ. फायनलला समोर ह्यूस्टन, ओलाजुवॉन आणि क्लाइड ड्रेक्सलर, नुसती डंक मारत सुटलेली टीम. तेव्हा या स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ, नव्हतं. ह्यूस्टनने लीड घेतल्यावर बॉल धरून वेळ काढायला सुरुवात केली, तर वाल्वानोने मुद्दाम फाउल करायला लावून त्यांना फ्री थ्रोच्या रेषेवर उभं केलं, आणि फ्री थ्रो हुकले. ५२-५२. शेवटच्या सेकंदांना डेरेक व्हिटनबर्गने खूप लांबून शॉट टाकला तो रिंगलाही लागला नाही, सगळ्यांच्या नजरा बॉलवर, ओलाजुवॉन जागच्या जागी, आणि लोरेन्झो चार्ल्सने रिंगखाली तो हवेतच धरून डंक केला. ५४-५२. वाल्वानो कोर्टवर मिठी मारायला कोणीतरी शोधत सैरावैरा धावतोय ते दृश्य दर मार्चला दाखवतात. पोरांना मी हा प्लेबॅक रिबाउंड, म्हणजे हुकलेला बॉल पकडणं, शिकवताना दाखवतो, शॉट आपल्याच माणसाने मारला तरी तो हुकणार असं धरूनच आत जायचं, चार्ल्स तेच करत होता.

१९८५ तर दोन नियमांच्या बरोबर सांध्यावर आहे. ६४ टीमचं ते पहिलं वर्ष आणि शॉट क्लॉकशिवायची ती शेवटची टुर्नामेंट, कारण पुढच्या सीझनला ४५ सेकंदांचं घड्याळ आलं. ८ सीड व्हिलानोव्हाने पॅट्रिक यूइंगच्या जॉर्जटाउनला ६६-६४ हरवलं. घड्याळ नसल्यामुळे हवा तसा शॉट मिळेपर्यंत बॉल फिरवत राहिले, २८च शॉट मारले आणि २२ गेले, दुसऱ्या हाफला १० पैकी ९. आजवरचा सगळ्यात खालच्या सीडचा चॅम्पियन हाच. १९८६-८७ला तीन पॉइंटची रेषा आली, घड्याळ पुढे ३५ सेकंदांवर आणि मग ३० सेकंदांवर आलं, त्यामुळे २८ शॉटमध्ये फायनल जिंकायचा प्रकार आता होणे नाही.

अपसेटवर किमान दोन प्रश्न येतीलच. १६ सीडने १ सीडला हरवलं ते पुरुषांत पहिल्यांदा २०१८ला, यूएमबीसीने, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड बाल्टिमोर काउंटीने, व्हर्जिनियाला, आणि तेही ७४-५४, वीस पॉइंटने. हाफटाइमला २१-२१ होतं. त्याआधी १ सीडचा रेकॉर्ड १३५ विजय, शून्य पराभव. यूएमबीसी तोपर्यंत बुद्धिबळाच्या टीमसाठी ओळखली जायची. व्हर्जिनियाने पुढच्याच वर्षी टायटल जिंकलं, आणि मला विचारशील तर ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे, सगळ्या देशाने हसं केल्यावर त्याच कोचने, टोनी बेनेटने, त्याच पद्धतीने खेळून चॅम्पियन होणं सोपं नाही. दुसऱ्यांदा २०२३ला, फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचाचा झॅक ईडी, फेअरली डिकिन्सन डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या स्तरातली, सगळ्यात बुटकी टीम. आणि खरी मजा म्हणजे ते आपल्या कॉन्फरन्सची फायनल हरले होते, पण जिंकलेली मेरीमॅक वरच्या डिव्हिजनमध्ये नवीन आल्यामुळे नियमाप्रमाणे अपात्र होती, म्हणून यांना जागा मिळाली. पर्ड्यू पुढच्या वर्षी फायनलपर्यंत गेली, तिथे यूकॉनने, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटने, हरवलं.

पण प्रश्नात "पुरुषांच्या" हा शब्द नसेल तर हात वर करायच्या आधी थांब. १६ने १ला हरवण्याचा पहिला मान १९९८च्या हार्वर्डच्या मुलींचा, स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच कोर्टवर ७१-६७. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू दुखापतीने बाहेर होत्या, हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने ३५ पॉइंट केले. यूएमबीसीच्या वीस वर्षं आधीची गोष्ट.

१५ने २ला पहिल्यांदा हरवलं १९९१ला, रिचमंडने सिराक्यूजला. १९९३ला सँटा क्लाराने ॲरिझोनाला, त्यात फर्स्ट इयरचा स्टीव्ह नॅश. १५ सीड म्हणून एलिट एटपर्यंत गेलेली एकच टीम, २०२२ची सेंट पीटर्स, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीची, पहिल्याच मॅचला केंटकीला घरी पाठवलं. ११ सीडने फायनल फोर बऱ्याचदा गाठलंय, १९८६ एलएसयू, २००६ जॉर्ज मेसन, २०११ व्हीसीयू, २०१८ लोयोला शिकागो, २०२१ यूसीएलए, २०२४ नॉर्थ कॅरोलायना स्टेट, पण यातलं कोणीच फायनलला पोचलं नाही. उलट बाजूने, चारही १ सीड फायनल फोरला आले ते फक्त २००८ आणि २०२५, दोन्ही वेळा सॅन अँटोनियोलाच.

अपराजित चॅम्पियन सातच, सॅन फ्रान्सिस्को १९५६, नॉर्थ कॅरोलायना १९५७, यूसीएलए १९६४, १९६७, १९७२, १९७३ आणि इंडियाना १९७६. त्यानंतर २०२५पर्यंत कोणाला जमलं नाही, आणि प्रश्न येतात ते हातातोंडाशी आलेला घास गेलेल्यांवर. १९७९ इंडियाना स्टेट, लॅरी बर्डची, फायनलला मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून ७५-६४. १९९१ यूएनएलव्ही, सेमीफायनलला ड्यूककडून ७९-७७, आणि त्याच ड्यूकला आदल्या वर्षीच्या फायनलला यांनी १०३-७३ धुतलं होतं, ३० पॉइंट, फायनलमधलं विक्रमी अंतर. २०१५ केंटकी ३८-० असताना सेमीफायनलला विस्कॉन्सिनकडून. २०२१ गोन्झागा ३१-० असताना फायनलला बेलरकडून.

शेवटच्या सेकंदांचे किस्से तुला व्हिडिओत मिळतील, फक्त प्रत्येकाचा एक धागा देतो. १९८२, फर्स्ट इयरचा मायकल जॉर्डन शॉट मारतो हे सगळ्यांना माहीत, त्यानंतर जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने चुकून समोरच्या टीमच्या जेम्स वर्दीला पास दिला हे विचारतात. १९९२, ड्यूक १०४ केंटकी १०३, क्रिश्चन लेटनरने १० पैकी १० शॉट आणि १० पैकी १० फ्री थ्रो, पण २.१ सेकंद उरलेले असताना बॉल आत टाकणाऱ्या ग्रँट हिलसमोर केंटकीने कोणीच उभा केला नव्हता, म्हणून तो कोर्टभर लांब पास अचूक गेला. १९९३, मिशिगनच्या क्रिस वेबरने टाइमआउट शिल्लक नसताना टाइमआउट मागितला, टेक्निकल फाउल, मॅच गेली. २०१६, व्हिलानोव्हाचा क्रिस जेनकिन्स, बजरवर तीन पॉइंट, ७७-७४.

वैयक्तिक स्कोअरचे तीन आकडे एकत्र ठेव. एका मॅचमध्ये ६१, नोत्र दामचा ऑस्टिन कार, १९७०. फायनल फोरमध्ये ५८, प्रिन्स्टनचा बिल ब्रॅडली, १९६५, तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचला, जी मॅच १९८१नंतर बंदच झाली. आणि फायनलला ४४, वर सांगितलेला वॉल्टन. तिन्ही तीन पॉइंटच्या रेषेच्या आधीचे आणि पुरुषांत अजून अबाधित. मुलींच्या फायनलला मात्र शेरिल स्वूप्सने १९९३ला टेक्सस टेककडून ४७ केलेत, म्हणून इथेही प्रश्न नीट ऐक.

मुलींच्या स्पर्धेकडे दुर्लक्ष करू नकोस, मी तरी हल्ली राउंडमधला मोठा हिस्सा तिथूनच काढतो. एनसीएएने मुलींची स्पर्धा सुरू केली १९८२ला, पुरुषांच्या ४३ वर्षांनंतर. त्याआधी एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना ती चालवायची, तिची पहिली तीन टायटल इमॅक्युलाटा या छोट्या कॉलेजने जिंकली. १९८२ला लुइझियाना टेकने चेनी स्टेटला ७६-६२ हरवलं. टेनेसी पॅट समिटच्या हाताखाली ८ टायटल, यूकॉन जीनो ऑरिएमाच्या हाताखाली २०२५ धरून १२. यूकॉनच्या मुलींची सलग १११ विजयांची मालिका २०१७च्या सेमीफायनलला ओव्हरटाइमच्या बजरवर तुटली आणि तोडणारी टीम होती मिसिसिपी स्टेट, १९६३ला चोरून राज्याबाहेर पडलेली तीच युनिव्हर्सिटी. २०२१ला पुरुषांना भली मोठी जिम आणि मुलींना डंबेल्सचा एक रॅक असा व्हिडिओ ओरेगॉनच्या एका खेळाडूने टाकला, देशभर संताप झाला, आणि मार्च मॅडनेस हे नाव मुलींच्या स्पर्धेला वापरू देण्याची साधी गोष्टसुद्धा त्यानंतर २०२२ला झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, २०२४ला, साउथ कॅरोलायना विरुद्ध केटलिन क्लार्कच्या आयोवाची फायनल सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली, पुरुषांची १ कोटी ४८ लाख. हा आकडा तोंडपाठ असू दे.

ब्रॅकेटबद्दल, म्हणजे सगळ्या मॅचचे निकाल आधीच ओळखून भरायच्या तक्त्याबद्दल, एवढंच, ६३ मॅच सगळ्या बरोबर ओळखायच्या म्हणजे दोनाचा ६३वा घात, एकोणीस आकडी संख्या, आणि आजवर कोणाचा पूर्ण बरोबर आल्याची खात्रीशीर नोंद नाही. आणि रद्द केलेल्या टायटलचा सापळा, २०१३चं लुइव्हिलचं टायटल नंतर काढून घेतलं, फायनल खेळलेल्या मिशिगनलाही ते दिलं नाही, त्यामुळे त्या वर्षी अधिकृत चॅम्पियनच नाही. स्पर्धा झालीच नाही ते वर्ष २०२०.

भारतीय कनेक्शन विचारतात का, असं तू शेवटी विचारलंयस. विचारतात, आणि बहुतेक वेळा उत्तर सिम भुल्लर असतं. पंजाबी वंशाचा, कॅनडात वाढलेला, सात फूट पाच इंच, न्यू मेक्सिको स्टेटकडून २०१३ आणि २०१४ला एनसीएए टुर्नामेंट खेळला, दोन्ही वेळा पहिल्याच राउंडला बाहेर, पुढे २०१५ला भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू. सतनाम सिंग हे उत्तर इथे चुकीचं ठरतं, तो कॉलेज न खेळता अकॅडमीतून थेट ड्राफ्टला, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, गेला. क्विझ झाली की कुठले प्रश्न आले ते इथेच लिही, एखादा अडला तर स्कोअरशीटसकट समजावून सांगतो.